ठरलेल्या वाराचा सिनेमा

एखाद्या लहानशा सभागृहात आठवड्यातून एकदा जुना, गाजलेला चित्रपट दाखवायचा आणि तो संपल्यावर लोकांनी तासभर बसून गप्पा मारायच्या, एवढ्या साध्या उपक्रमावरून इतकं भांडण व्हावं याची मला गंमत वाटते. भांडणाची चालही ठरलेली असते. कुणीतरी विचारतं, "हे सगळं आता मोबाइलवर मिळतं, मग तिथे जाऊन खुर्च्या कशाला झिजवायच्या?" त्यावर दुसरा छाती पुढे काढून म्हणतो, "मोठ्या पडद्याची मजा काही औरच!" मग पहिला आपल्या टीव्हीचे इंच सांगतो, दुसरा अंधाराचं माहात्म्य सांगतो, आणि वाद इंचांत मोजला जाऊन संपतो. माझ्या मते या वादाची जागाच चुकली आहे, आणि उपक्रमाची बाजू घेणारे तर स्वतःच्या पायांनी चालत हरायला निघाले आहेत. अशा संध्याकाळचं मोल पडद्यात नसतंच. ते ठरलेल्या वारात असतं. त्या दिवशी काय बघायचं ते आपण ठरवत नाही, सुरू झालेलं थांबवता येत नाही, आणि दिवे लागले की ज्यांच्यासोबत ते बघितलं ती माणसं समोरच बसलेली असतात. चित्रपट आणि नंतरची बैठक हा एकच प्रसंग आहे. त्यातलं एक काढून टाकलं, तर उरलेलं खरोखरच घरबसल्या मिळतं.

तेव्हा पडद्याचा मुद्दा आधी देऊनच टाकू. लहान सभागृहातलं चित्र घरच्यापेक्षा बरं असतं, हे म्हणणं बहुतेक वेळा खोटं असतं. प्रोजेक्टर कुणीतरी जुना म्हणून दिलेला. काळा रंग काळा दिसत नाही, राखाडी दिसतो. दाराखालच्या फटीतून उजेडाची पट्टी येते आणि ती नेमकी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर पडते. पुढच्या रांगेत कुणी उंच माणूस बसला की सबटायटलचा मधला शब्द त्याच्या डोक्यामागे जातो. वाक्याचं क्रियापद काय असेल ते अंदाजानं लावायचं. शांत प्रसंगात प्रोजेक्टरचा पंखा घरघरतो. घरी मात्र तोच चित्रपट नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतीतून, ओरखड्याविना बघायला मिळतो. शिवाय ज्याला जिने चढवत नाहीत, जिला आजारी माणसाला एकटं सोडून बाहेर पडता येत नाही, ज्याची पाळी रात्रीची असते, त्या सगळ्यांसाठी घरी चित्रपट मिळणं हे वरदानच आहे. एकेकाळी एखादा जुना चित्रपट बघायला मिळावा म्हणून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत. त्या टंचाईबद्दल आज हळवं होणाऱ्यांशी माझं जमत नाही. टंचाईत कसलाही मोठेपणा नसतो.

पण उपलब्ध असणं म्हणजे बघितलं जाणं का? प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये 'नंतर बघू' अशी एक यादी असते. त्या यादीचं काय होतं ते आपण सगळे जाणून आहोत. दमून घरी आल्यावर माणूस यादी उघडतो, वीस मिनिटं वरखाली करतो, आणि शेवटी आधी तीनदा बघितलेलंच काहीतरी लावतो. यात आळस नाही, दुबळेपणाही नाही. निवड करणं हेच एक काम आहे आणि दिवसभर ते करून झालेलं असतं. अवघड चित्रपटाची तर घरी पहिल्या फेरीतच विकेट पडते. २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमा-नियतकालिकाने आजवरच्या सर्वोत्तम चित्रपटांसाठी घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात शांताल आकरमन या दिग्दर्शिकेचा १९७५ सालचा 'जान दीलमान' पहिला आला. लांबी २०१ मिनिटं. एका विधवेचे तीन दिवस, तिचं घरकाम, आणि त्या कामाच्या लयीत हळूहळू पडत जाणारी फट. एका प्रसंगात ती नुसती बटाटे सोलत बसते आणि कॅमेरा हलत नाही. हा प्रसंग घरी, सोफ्यावर बसून, हात मोबाइलकडे न जाऊ देता कितीजणांनी पुरा केला असेल? सभागृहातही चुळबूळ होते. खुर्च्या करकरतात, कुणीतरी उसासा टाकतं, मागून एक दबकं हसू येतं. मग एका टप्प्यावर ती चुळबूळ थांबते आणि सगळी खोली त्या बाईच्या हातांकडे बघायला लागते. माझा धीर माझ्या एकट्याचा नव्हता. तो मी आजूबाजूच्या पंचवीस माणसांकडून उसना घेतला होता. घरी असा उसना धीर देणारं कुणी नसतं.

"एकट्याने बघणं ही नवी गोष्ट आहे, काळाची गती आहे, तिच्यापुढे इलाज नाही," असंही ठणकावून सांगितलं जातं. इतिहास नेमका उलटा आहे. एकट्याने बघणं आधी आलं. एप्रिल १८९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या किनेटोस्कोपचं पहिलं दालन उघडलं. लाकडी कपाटाएवढं यंत्र, वर डोळा लावायचं भोक. वाकून बघायचं, अर्धं मिनिटही पुरं न चालणारी हलती चित्रं, एका वेळी एकच प्रेक्षक. यंत्रं विकली जात होती, त्यामुळे भिंतीवर चित्र टाकून ते शेकडोंना एकदम दाखवण्याची एडिसनला घाई नव्हती. धंद्याच्या हिशेबात ते बरोबरही होतं. पुढच्या वर्षी, २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंच्या, पडद्यावर चित्र टाकणाऱ्या यंत्राचा पहिला जाहीर, तिकीट लावलेला खेळ झाला. जागा कुठली? एका कॅफेच्या तळघरातली खोली. प्रत्येकी मिनिटभरही न चालणाऱ्या दहा फिती, आणि पैसे देऊन आलेले प्रेक्षक तेहेतीस. सिनेमाची जन्मतारीख म्हणून जग हाच दिवस सांगतं, एडिसनच्या दालनाचा नाही. चित्रं तर तिथेही हलत होती. मग लोकांनी दुसरा दिवस का धरला असेल? आपण खिशात मोबाइल घेऊन पुन्हा भोकाला डोळा लावतो आहोत; त्याला खुशाल सोय म्हणा, पण प्रगतीचा पुढचा टप्पा म्हणू नका.

तेहेतीस या आकड्यावर जरा थांबतो, कारण लहान उपक्रमांना मारणारा पुढचा प्रश्न आकड्याचाच असतो: "येतात किती जण?" हा प्रश्न जागा देणारा विचारतो, वर्गणी देणारा विचारतो, आणि चालवणारा स्वतःलाच रात्री विचारतो. त्यावर उपक्रमाचे कैवारी एक ठरीव उत्तर फेकतात, की बघा, अशाच लहान खोल्यांतून मोठमोठे दिग्दर्शक निघाले. उत्तर खोटं नाही. पॅरिसमध्ये आंरी लांग्लुआच्या सिनेमातेकचं, म्हणजे जुने चित्रपट जपणाऱ्या आणि दाखवणाऱ्या संग्रहालयाचं, १९४८ साली उघडलेलं सभागृह जेमतेम साठेक खुर्च्यांचं होतं, आणि पुढे फ्रेंच सिनेमाची घडी मोडणारे त्रुफो, गोदार, रिवेत या मंडळींची तिथे ये-जा होती. १९४७ साली कलकत्त्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी फिल्म सोसायटी काढली आणि आठ वर्षांनी 'पथेर पांचाली' आला. पण हे उत्तर मला धोक्याचं वाटतं. अशा हजार खोल्यांपैकी नऊशे नव्व्याण्णवांतून एकही दिग्दर्शक निघत नाही. मग त्या वाया गेल्या म्हणायच्या? वाचनालयाला कुणी विचारतं का, की तुमच्याकडून कादंबरीकार किती निघाले? बघणारे निघाले, एवढं पुरे. किंबहुना उपक्रमाला नररत्नांची खाण ठरवण्याच्या नादात आपण विरोधकांच्याच हातात फूटपट्टी देतो.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. "हा मूठभरांचा शिष्ट अड्डा आहे. तेच बारा चेहरे, तीच दहा नावं, आणि नव्याने आलेल्याला आपण परीक्षेला बसलोय असं वाटतं." हे खरं आहे, आणि ते जुनंही आहे. १९२५ साली लंडनमध्ये रविवारी दुपारी खेळ करणारी फिल्म सोसायटी निघाली तेव्हा तिच्या सभासदांत बर्नार्ड शॉ आणि एच. जी. वेल्स हे नामवंत लेखक होते. खासगी संस्था म्हणून तिला इतरांना मिळत नव्हतं ते दाखवता आलं. 'बॅटलशिप पोटेमकिन' हा क्रांतीवरचा सोव्हिएत चित्रपट ब्रिटनमध्ये जाहीर प्रदर्शनाला बंदी असताना तिने नोव्हेंबर १९२९ मध्ये सभासदांना दाखवला. ज्यांना परवडत होतं आणि ज्यांची ओळख होती त्यांना क्रांती बघायला मिळाली, असं कुणी खवचटपणे म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण शिष्टपणाचं औषध काय? उपक्रम बंद करणं हे तर नक्कीच नाही. न्यूयॉर्कमध्ये एमोस व्होगेल यांनी १९४७ पासून १९६३ पर्यंत 'सिनेमा १६' हे सभासदांचं चित्रपट-मंडळ चालवलं. ते एकाच कार्यक्रमात विज्ञानाचा माहितीपट, प्रयोगशील लघुपट आणि कुणीही न मागितलेलं काहीतरी शेजारी शेजारी लावत. सभासद हजारोंच्या घरात गेले. ज्यांना त्यातलं एकच आवडायचं त्यांनाही बाकीचं बघावं लागे, आणि कुणालाच सगळं आधीपासून ठाऊक नसे. जिथे सगळेच थोडेसे अडाणी असतात, तिथे शिष्टपणा टिकत नाही.

यालाच जोडून 'अभिजात म्हणजे कुणाचं अभिजात?' हा प्रश्न येतो, आणि तो यायलाच हवा. अभिजात हा शिक्का चित्रपटावर जन्मतः नसतो. मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनचा 'द जनरल' पडद्यावर आला तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली आणि तिकीटबारीनेही पाठ फिरवली. फ्रेंच दिग्दर्शक रन्वारचा 'रूल्स ऑफ द गेम' १९३९ साली पॅरिसमध्ये हुर्यो खाऊन पडला, कापला गेला, बंदीत अडकला. मूळ निगेटिव्ह युद्धातल्या बाँबवर्षावात गेली, आणि १९५९ साली तुकडे जुळवून तो पुन्हा उभा केला तेव्हा कुठे त्याचा मोठेपणा लोकांना दिसला. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' अनेक वर्षं सहज बघायलाच मिळत नव्हता, आणि 'साइट अँड साउंड'च्या २०१२ च्या कौलात तोच पहिला आला. ही यादी हलती आहे, आणि ती हलते कशामुळे? कुणीतरी कुठल्यातरी खोलीत एक विसरलेली प्रत पुन्हा लावतं म्हणून. ज्यांना यादी बदलायची आहे त्यांनी खोली सोडून जाण्यापेक्षा पुढच्या महिन्याची निवड आपल्या हातात मागावी.

मात्र निवड मतदानाने करू नये, हे माझं ठाम मत आहे. ग्रुपवर पाच नावं टाकून अंगठे मोजायचे ही पद्धत लोकशाहीची वाटते, पण तिचा निकाल ठरलेला असतो: ज्याचं नाव सगळ्यांनी आधीच ऐकलंय तो चित्रपट जिंकतो. म्हणजे पुन्हा तीच 'नंतर बघू'ची यादी, फक्त सामुदायिक. त्यापेक्षा दर महिन्याला एका माणसाला चार आठवडे द्यावेत आणि त्याच्या हट्टापुढे बाकीच्यांनी मान तुकवावी. त्याची निवड फसली तर त्याला शिव्या द्याव्यात. फसलेल्या चित्रपटावरच्या गप्पा सहसा चांगल्या चित्रपटावरच्या गप्पांपेक्षा रंगतात, हा माझा अनुभव.

एक गंभीर आक्षेप आणखी आहे. जुन्या चित्रपटांत जुने पूर्वग्रहही येतात. अमेरिकी दिग्दर्शक ग्रिफिथच्या १९१५ सालच्या 'बर्थ ऑफ अ नेशन'ने सिनेमाच्या भाषेला पुष्कळ काही दिलं, आणि त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचं पुनरुज्जीवन व्हायला हातभारही लावला. असं काही आनंदाच्या संध्याकाळी दाखवायचं का? आनंदाच्या संध्याकाळी नाहीच. पण दाखवायचंच नाही असं ठरवलं, तर ते नाहीसं होत नाही. ते एकट्याने, बंद खोलीत, कुणाच्याही उत्तराशिवाय बघितलं जातं. सगळ्यांत बसून बघताना शेजारच्या माणसाचं आखडलेलं अंग जाणवतं. आपण ज्या विनोदावर सवयीने हसलो त्यावर आख्खी एक रांग गप्प राहिली, हे लक्षात येतं. ते गप्प राहणं इशाऱ्याच्या पाटीपेक्षा जास्त शिकवतं. मात्र अशा चित्रपटानंतर लगेच दिवे लावून 'पुढच्या आठवड्यात भेटू' म्हणणाऱ्याला माफी नाही. नंतरच्या बैठकीला वेळ नसेल तर तो चित्रपट लावूच नये.

इथे मी माझ्याच बाजूच्या दोन टोळ्यांकडे वळतो, कारण त्यांच्यामुळेच असे उपक्रम आतून पोखरले जातात. एक टोळी शुद्धतावाद्यांची. चित्रपट संपला की त्याचा ठसा मनात घेऊन मुकाट घरी जावं, बडबड कशाला, असं यांचं म्हणणं. दुसरी टोळी मेळाव्यावाल्यांची. त्यांना पडदा म्हणजे लग्नातल्या सनईसारखा मागे चालू राहिला तरी चालतो; खरं काम ओळखीपाळखीचं. पहिल्यांना वाटतं गप्पांनी सिनेमा बाटतो, दुसऱ्यांना वाटतं सिनेमामुळे गप्पांचा वेळ जातो. दोघांनी एकदा १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचा इतिहास वाचावा. जुनी ३५ मिलिमीटरची नायट्रेट फिल्म भडाभडा पेट घ्यायची, त्यामुळे तिच्यासाठी आगीपासून बंदिस्त केबिन लागे. १९२३ साली १६ मिलिमीटरची फिल्म आली ती न भडकणाऱ्या पट्टीवर, आणि तेव्हा कुठे शाळा, संस्था, दिवाणखाने यांत चित्रपट दाखवणं सोपं झालं. लहान जागेतला सिनेमा हे त्या पट्टीचंच अपत्य. पण प्रोजेक्टर बहुधा एकच असे आणि मोठं रीळ पाऊण तासात संपे. मग दिवा लागायचा, एकजण रीळ बदलायचा, आणि तेवढ्यात प्रेक्षक एकमेकांकडे वळायचे. 'तो खून त्यानेच केला असणार', 'छे, ती बाई बघितलीत का?' गप्पा बाहेरून आणून चिकटवलेल्या नव्हत्या. त्या यंत्राच्या पोटातूनच आल्या.

नुसती ओळख करून घ्यायला जमलेल्या माणसांचं काय होतं तेही आपण बघतो. नाव काय, काम काय, राहता कुठे. तीन प्रश्नांत विहीर आटते. चित्रपट बघून उठलेल्या अनोळखी माणसांना मात्र भांडायला तिसरी गोष्ट मिळालेली असते. तिथे स्वतःबद्दल काहीही न सांगता माणूस स्वतःबद्दल पुष्कळ सांगून जातो. आणि हे दर आठवड्याला व्हायला हवं, कारण महिन्यातून एकदाच्या कार्यक्रमाला लोक 'येतात'. आठवड्याच्या कार्यक्रमाला ते 'असतात'. १९४६ साली ब्रिटनमध्ये सिनेमाची सुमारे १६३ कोटी तिकिटं विकली गेली. ती काही १६३ कोटी विचारपूर्वक निवडी नव्हत्या. वार आला, माणसं उठली, गेली. पुढे टीव्ही आला, व्हिडिओ आला, आणि १९८४ साली हा आकडा साडेपाच कोटींच्याही खाली होता. मोडली ती सवय. ती पुन्हा देशभर लावणं कुणाच्याच हातात नाही. एका खोलीत लावणं मात्र आहे. म्हणून चालवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की पाऊस असो, सामना असो, चारच माणसं येवोत, वार बदलू नका. आणि एक रूक्ष गोष्ट: घरच्या सबस्क्रिप्शनवर जाहीर खेळ करता येत नाही, ते घरापुरतंच असतं. प्रदर्शनाची परवानगी घ्या किंवा हक्क संपलेले चित्रपट शोधा. ज्या कलेवर प्रेम आहे असं आपण सांगतो तिच्या हक्कांचे पैसे चुकवायचे, हे काही शोभत नाही.

शेवटी एक संध्याकाळ सांगतो. इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' होता, १९४८ सालचा. मी तो आधी चारदा बघितलेला, त्यामुळे थोड्या मिजाशीतच बसलो होतो. शेवटी हताश बाप स्वतःच एक सायकल चोरतो, पकडला जातो, मुलाच्या डोळ्यांदेखत मार खातो. सायकलवाला मुलाकडे बघून त्याला सोडून देतो. मग गर्दीतून चालताना बापलेकांचे हात एकमेकांत येतात. मुलाने बापाला क्षमा केली, असं मी चारही वेळा मनाशी म्हटलं होतं, आणि दिवे लागल्यावर तेच मोठ्याने म्हटलं. मागच्या रांगेतली एक बाई, जिचा आवाजही मी तोवर ऐकला नव्हता, खुर्ची उचलता उचलता म्हणाली, "क्षमा कसली? घाबरलंय ते पोर. गर्दीत लहान मूल हात धरतंच. उलट आता आपल्यालाच याला सांभाळायचंय, हे त्याला कळलंय." आणि खुर्ची भिंतीला लावून ती गेली.

त्या रात्री घरी येऊन मी तो शेवट पुन्हा लावला. स्वच्छ प्रत, चित्र थांबवायची सोय, सगळं हाताशी. हात आधी मुलगाच पुढे करतो, हे तीनदा मागे नेऊन नक्की केलं. तो का करतो, ते मात्र बटण दाबून कळेना. त्यासाठी पुढच्या गुरुवारपर्यंत थांबावं लागलं, आणि त्या गुरुवारी ती आली नाही.